सहीचा मोह आणि रुमालातलं पत्र

मागच्या व्याख्यानात आपण जुन्या छापील पुस्तकांबद्दल बोललो. पहिली आवृत्ती कशी ओळखायची, शिळाछाप म्हणजे काय, कसरीने खाल्लेलं पुस्तक घ्यावं की सोडावं, हे सगळं झालं. आज पत्रांकडे वळायचं आहे, आणि आधीच सांगतो, आज मी जरा टीकेच्या सुरात बोलणार आहे. सभागृहात दोन-तीन संग्राहक बसलेले मला दिसतायत. त्यांनी रागावू नये, निदान शेवटपर्यंत.

दुर्मिळ पुस्तक घेणारा माणूस निदान अख्खं पुस्तक घेतो. पत्रं जमवणारा बहुतेक वेळा एक कागद घेतो, आणि त्यातही पैसे मोजतो ते खालच्या सहीचे. पत्र कोणाचं, हा त्याचा पहिला प्रश्न. कोणाला लिहिलं, का लिहिलं, त्याच्या आधी-नंतरची पत्रं कुठे गेली, हे प्रश्न नंतरचे, आणि पुष्कळदा विचारलेच जात नाहीत. माझी तक्रार त्या सवयीबद्दल आहे.

ही सवय माणसाला कुठवर नेते याचं सगळ्यात मोठं उदाहरण पॅरिसचं आहे. मिशेल शाल हा एकोणिसाव्या शतकातला फ्रान्समधला पहिल्या रांगेतला भूमितिज्ञ. विज्ञान अकादमीचा सभासद, म्हणजे साधासुधा भाबडा माणूस नव्हे. १८६१ साली त्याच्याकडे दनी व्रँ-ल्युका नावाचा गृहस्थ आला. मजुराचा मुलगा, वकिलाकडे कारकुनी केलेला, फारसं शिक्षण नाही, पण दिवसच्या दिवस ग्रंथालयात बसून वाचणारा. त्याने गोष्ट अशी सांगितली, की फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत, १७९१ मध्ये, एक सरदार आपला पत्रसंग्रह घेऊन अमेरिकेला निघाला, जहाज बुडालं, सरदार गेला, पण कागद वाचले. ते आता एका वारसाकडे आहेत आणि तो थोडे थोडे करून विकतो आहे. कागदांवर पाण्याचे डाग होते. डाग का, तर जहाज बुडालं होतं ना! गोष्टीला पुरावा डागांचा आणि डागांना पुरावा गोष्टीचा.

पुढची आठ वर्षं शाल पत्रं घेत राहिला. किती? सत्तावीस हजारांहून जास्त. मोजलेली रक्कम सुमारे दीड लाख फ्रँक. आणि पत्रं कोणाची, तर पास्कल, गॅलिलिओ, न्यूटन हे तर होतेच, पण क्लिओपात्राचं सीझरला पत्र, मेरी मॅग्डलीनचं लाझरसला पत्र, अलेक्झांडरचं ॲरिस्टॉटलला पत्र. सगळी फ्रेंच भाषेत! (हशा.) हसू येतं खरं. पण हसून पुढे गेलो तर यातला मुद्दा निसटतो, म्हणून थोडं थांबू.

ही पत्रं मजकूर म्हणून वाचून बघा. क्लिओपात्रा सीझरला मुलाची खुशाली कळवते आणि हवापाण्यासाठी, शिक्षणासाठी त्याला मार्सेयला पाठवायचा बेत सांगते. अलेक्झांडर गुरुजींना गॉलमध्ये जाऊन तिथल्या द्रुइड पुरोहितांची विद्या शिकून यायला परवानगी देतो. मॅग्डलीनलाही गॉलचे लोक फार आवडतात. म्हणजे इजिप्तची राणी असो की मॅसिडोनियाचा राजा, ज्याला त्याला ओढ फ्रान्सची. पत्राखालचं नाव झाकलं तर ही सगळी एकाच माणसाने एकाच गिऱ्हाइकासाठी लिहिलेली आहेत हे शाळकरी मुलालाही कळेल. पण शालने नाव झाकून कधी वाचलंच नाही. तो नावंच गोळा करत होता.

प्रकरण उघड्यावर आलं ते पास्कलमुळे. जुलै १८६७ मध्ये शालने अकादमीपुढे पत्रं ठेवली आणि दावा केला, की गुरुत्वाकर्षणाचा नियम न्यूटनच्या आधी पास्कलला सापडला होता. फ्रेंच मनाला याहून गोड बातमी कोणती असणार? आक्षेप मात्र लगेच आले. पास्कलच्या अक्षराचा अभ्यास केलेल्या फोजेरने सांगितलं, हे पास्कलचं अक्षर नव्हे. स्कॉटलंडहून न्यूटनचा चरित्रकार ब्रूस्टर म्हणाला, ज्या काळात हा पत्रव्यवहार झाला म्हणता त्या काळात न्यूटन अकरा-बारा वर्षांचा पोर होता. ग्लासगोच्या ग्रँट या खगोलशास्त्रज्ञाने दाखवलं, की पास्कलच्या तोंडी घातलेले ग्रहांचे आकडे न्यूटनच्या ग्रंथाच्या १७२६ च्या आवृत्तीतले आहेत. पास्कल वारला १६६२ ला! गॅलिलिओचीही पत्रं निघाली, तीही फ्रेंचमध्ये, आणि १६४१ च्या पत्रात तो डोळे दुखतात म्हणून तक्रार करतो. तोवर तो पुरता आंधळा होऊन काही वर्षं झाली होती.

आता मला यातली सगळ्यात बोलकी वाटणारी गोष्ट सांगतो. दरवेळी आक्षेप आला, की काही दिवसांत त्याला उत्तर देणारं नवीन पत्र शालच्या टेबलावर हजर. न्यूटन लहान होता म्हणता? मग तो बालपणापासूनच किती बुद्धिमान होता हे सांगणारी पत्रं आली. खऱ्या दफ्तराचा ज्याला थोडा जरी अनुभव आहे त्याला ठाऊक असतं, की जुने कागद आपल्या प्रश्नाला असं वेळेवर उत्तर कधी देत नाहीत. ते भलत्याच गोष्टी सांगतात. आपण लढाईचा तपशील शोधावा आणि कागदात बैलांच्या वैरणीचा हिशेब निघावा, हा खरा अनुभव. शालला हवं ते आणि हवं तेव्हा मिळत होतं, आणि त्याला त्याचा संशय नाही आला, आनंद झाला.

शेवट तर नाटकात शोभावा असा. १८६९ मध्ये शालनेच पोलिसांना व्रँ-ल्युकावर पाळत ठेवायला सांगितलं. का? पत्रं खोटी वाटली म्हणून नव्हे. कबूल केलेली उरलेली पत्रं हा मनुष्य परदेशात विकेल अशी भीती वाटली म्हणून! पकडल्यावर सगळं बाहेर आलं. १८७० च्या फेब्रुवारीत खटला, दोन वर्षं कैद, पाचशे फ्रँक दंड.

यावर आल्फाँस दोदेने १८८८ मध्ये कादंबरी लिहिली, ‘लिमॉर्तेल’. मला ती फसलेली वाटते. दोदेला फ्रेंच अकादमीवर सूड उगवायचा होता, तो त्याने उगवला. गणितज्ञाच्या जागी इतिहासकार घातला आणि शेवटी त्याला नदीत उडी घ्यायला लावली. खरा शाल काही बुडाला नाही. तो १८८० पर्यंत जगला, अकादमीत मानाने राहिला, त्याचं गणित आजही शिकवलं जातं. म्हणजे खरी गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी आहे. उत्तम बुद्धीचा, पुरावा म्हणजे काय हे व्यवसायानेच जाणणारा माणूस संग्रहाच्या खोलीत शिरला की बुद्धी बाहेर ठेवतो, आणि परत बाहेर आला की पहिल्यासारखाच शहाणा असतो. दोदेने त्याला मूर्ख म्हातारा करून टाकला, त्यामुळे वाचक निर्धास्त होतो, आपलं असं होणार नाही म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, हे पॅरिसचं झालं, आमचा काय संबंध? संबंध असा, की सही हीच पत्राची किंमत, हा हिशेब आपण युरोपच्या बाजारातून जसाच्या तसा उचलला. आणि आपल्या जुन्या मराठी पत्रांना तो लागूच पडत नाही. कारण त्यांत त्या अर्थाने सही नसतेच!

शिवकालीन पत्र घ्या. माथ्यावर मुद्रा, शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब. मजकूर कारकुनाने बोरूने मोडीत लिहिलेला. महाराजांच्या स्वतःच्या हातचं, सगळ्या अभ्यासकांनी मान्य केलेलं अक्षर आपल्याकडे नाही. पेशवाईतही मजकूर बहुधा कारकुनाचाच. कोणी बड्या माणसाने स्वतः दोन ओळी लिहिल्या तर ती विशेष गोष्ट. आज आपण थट्टेने ‘दस्तुरखुद्द’ म्हणतो ना, तो शब्द मुळात या ‘स्वतःच्या हातचं’ याच अर्थाचा. तेव्हा बाजारात कोणी तुम्हाला अमक्या सरदाराचं ‘सहीचं पत्र’ म्हणून काही दाखवलं, तर पहिला प्रश्न हा, की सही म्हणतोस ती कुठली?

याहून मोठी अडचण तारखेची. पुष्कळ मराठी पत्रांवर ‘छ १४ रजब’ असा चांद्र महिना आणि तिथी असते, वर्ष नसतं. ज्याला लिहिलं त्याला वर्ष माहीत होतं, लिहायचं कशाला? मग वर्ष ठरवायचं कसं? शेजारच्या कागदांवरून. रुमालात पत्रं ज्या क्रमाने बांधलेली असतात त्यावरून, पाठीवर घेणाऱ्याच्या कारकुनाने ‘पैवस्ती’ची, म्हणजे पोचल्याची, नोंद केली असेल तर तिच्यावरून, मजकुरातल्या स्वाऱ्या-मुक्कामांवरून. आणि पुरवणी! पत्रात कुशल, आशीर्वाद, ‘बहुत काय लिहिणे’. खरं राजकारण पुष्कळदा वेगळ्या पुरवणीत, जिच्यावर कधी कधी नाव नाही, गाव नाही. ती आपल्या पत्राजवळ आहे तोवर तिला अर्थ. रुमाल सोडून एकेक कागद विकला की पुरवणी रद्दी झाली आणि पत्राचं वर्ष गेलं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडे मी एक मोडी पत्र घेतलं. सुंदर कागद, खणखणीत अक्षर. घरी वाचायला बसलो, तर पहिलंच वाक्य: कालच्या पत्री लिहिल्याप्रमाणे करावे. कालचं पत्र कुठे आहे? परत गेलो. तो शांतपणे म्हणाला, “तो अख्खा गठ्ठा मी सुटा करून विकला साहेब, सुट्याला भाव येतो.” कोणाकोणाला, ते त्याला आठवत नव्हतं. ते पत्र अजून माझ्याकडे आहे. त्यात काय करायचं होतं ते मला आजही माहीत नाही. आणि त्या गठ्ठ्याच्या मोडतोडीत एक गिऱ्हाईक मीही होतो.

म्हणून मला राजवाड्यांचं मोठेपण दिसतं ते इथे. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, पुढे बावीस खंड झाले. पहिल्या खंडात १७५० ते १७६१ चे कागद, म्हणजे पानिपतापर्यंतचे. त्यात सदाशिवरावभाऊंची गोविंदपंत बुंदेल्यांना पत्रं आहेत. आजच्या बाजारात त्यातलं एक आलं तर ‘पानिपतच्या सेनापतीचं पत्र’ म्हणून काचेत जाईल. पण खंडात ती ओळीने वाचा. पैसा पाठवा, रसद पाठवा, अजून आली नाही, लौकर पाठवा. एका पत्रातून कळतं की पैसे मागितले. दहा पत्रांतून कळतं की पैसे येत नाहीयेत आणि मागणारा दिवसेंदिवस अधीर होतोय. राजवाड्यांनी पत्र नाही जमवलं, पत्रव्यवहार जमवला. सामान्य वकिलाचं, सावकाराचं पत्रही त्यांनी त्याच निगुतीने छापलं.

पण त्यांचीही आरती ओवाळायला नको. त्यांना एक जुनी ज्ञानेश्वरी सापडली, एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेल्या पाठाच्याही आधीची, असं त्यांचं मत. १९०९ मध्ये त्यांनी ती छापली. पोथीच्या वयाबद्दल वाद झाला आणि तो तपासून मिटवायला मूळ पोथी आज समोर नाही. ‘सगळ्यात जुनं माझ्या हाती लागलं’ हा आनंद राजवाड्यांनाही चुकला नाही. शालच्या जातीचा मोह त्यांनाही होता म्हटलं तर काहींना आवडणार नाही, पण मला तसं वाटतं.

आणि संग्राहकांच्या बाजूने एक कबुली द्यायलाच हवी. माळ्यावरचे कागद बंबात जात होते तेव्हा ते पैसे देऊन कोणी उचलले? हौशी माणसांनीच. माझं भांडण जमवण्याशी नाही, सुटं करण्याशी आहे.

(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न : आमच्या गावच्या घरी आजोबांच्या पेटीत मोडी कागदांचं एक बासन आहे. एक जण चांगले पैसे देतो म्हणतोय. काय करावं?

उत्तर : ताई, आधी ते सोडू नका. सोडायचंच झालं तर कागद ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पाठ कोरी दिसली तरी काढा, पैवस्ती तिथेच असते. फोटोंना क्रमांक द्या. कागदावर पेनाने काही लिहू नका. चिकटपट्टी लावू नका, आणि लॅमिनेशन तर अजिबात नको, ते पुन्हा निघत नाही आणि कागद संपतो. स्वच्छ सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा. वाचून घ्यायला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, खानदेशातल्या असाल तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. विकायचं की नाही ते वाचून झाल्यावर ठरवा. आणि विकलंत तर अख्खं बासन द्या. हेही लक्षात असू द्या, की ऐतिहासिक मोल असलेली, पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखितं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाहीत. तो गृहस्थ परवाना दाखवतो का, एवढं विचारून बघा.

प्रश्न : आणि त्यात कोणा मोठ्या माणसाचं पत्र नसेलच तर?

उत्तर : बहुधा नसेलच. तुमच्या आजोबांच्या आजोबांनी कोणाकडून किती मण जोंधळा उसना घेतला, ते असेल. मला ते बघायला आवडेल. फोटो आणाल का पुढच्या वेळी?