प्रयोग झाला, पण विज्ञान झालं का?

सिनॉप्सिस लिहायला बसलं की एक शीर्षक हमखास सुचतं : ‘कृतियुक्त विज्ञान अध्यापनाच्या प्रशिक्षणाचा शिक्षकांवर होणारा परिणाम : भोर व वेल्हे तालुक्यांचा अभ्यास’. आराखडाही तयारच असतो. पूर्वचाचणी, पाच दिवसांचं प्रशिक्षण, उत्तरचाचणी, टी-चाचणी आणि शेवटी ‘सार्थक फरक आढळून आला’. माझा पहिला आराखडा अगदी असाच होता, तालुकेही हेच. तो मी का टाकून दिला ते आज सांगते. त्यासाठी एका गाजलेल्या शोधनिबंधाची थोडी चिरफाड करावी लागेल. तो मला आवडतो, तरीही.

निबंध काय सांगतो?

इयान अब्राहम्स आणि रॉबिन मिलर यांचा हा निबंध 2008 साली ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ सायन्स एज्युकेशन’मध्ये आला. शीर्षकातच प्रश्न आहे : शाळेतल्या प्रात्यक्षिकांचा खरंच उपयोग होतो का? दोघांनी इंग्लंडमधल्या माध्यमिक शाळांतले प्रात्यक्षिकांचे 25 तास पाहिले आणि शिक्षकांशी, मुलांशी बोलून घेतलं.

त्यांची मांडणी सोपी आहे. प्रात्यक्षिकात दोन जगं असतात. एक वस्तूंचं : दिवा, चंचुपात्र, तारा, दिसणारं आणि मोजता येणारं सगळं. दुसरं कल्पनांचं : दाब, ऊर्जा, कण, म्हणजे जे दिसत नाही पण ज्याने दिसणाऱ्याचा अर्थ लागतो. निष्कर्ष असा की शिक्षकांना जे करून घ्यायचं होतं, ते मुलांनी बहुतेक वेळा नीट केलं. पण ते करताना आणि केल्यावर ज्या कल्पनेचा विचार व्हायला हवा होता, तो फारसा झाला नाही. तासाचा बराच वेळ प्रयोग ‘जमवण्यात’ गेला, पाककृती वाचून भाजी करावी तसा. दोन जगांमधला पूल आपोआप बांधला जाईल, असं प्रयोग आखणाऱ्यांनी जणू गृहीत धरलं होतं.

‘मुलांनी हाताने केलं की त्यांना कळलंच’ हे आपल्याकडे इतक्या सहज बोललं जातं की हा निष्कर्ष भिंतीवर लावून ठेवावा असा आहे.

थर्मामीटर 97 वर थांबला

आता माझी गोष्ट. वेल्ह्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत मी निरीक्षणाला गेले होते. (तालुक्याचं नाव आता राजगड आहे, पण लोकांच्या बोलण्यात अजून वेल्हेच येतं.) सर नुकतेच प्रशिक्षण करून आले होते. पाणी किती अंशाला उकळतं हा प्रयोग होता. मुलांनीच साहित्य मांडलं, थर्मामीटर धरला, दर दोन मिनिटांनी नोंदी केल्या. पाणी खळखळून उकळायला लागलं आणि पारा 97 च्या जरा वर जाऊन थांबला. एक मुलगी म्हणाली, “सर, पुढं जाईना.” सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “थर्मामीटर जुना झालाय बाळा, 100 लिही.”

माझ्या निरीक्षण सूचीत काय होतं? साहित्य उपलब्ध : होय. मुलांनी स्वतः कृती केली : होय. नोंदी घेतल्या : होय. सुरक्षितता पाळली : होय. सरांना जवळपास पूर्ण गुण मिळाले. विज्ञान मात्र त्याच क्षणी वर्गाबाहेर गेलं होतं, आणि ते टिपायला माझ्या सूचीत रकानाच नव्हता.

पाणी 100 अंशाला उकळतं ते समुद्रसपाटीजवळच्या हवेच्या दाबाला. वर जावं तसा दाब कमी होतो आणि उत्कलनबिंदू दर 300 मीटरला साधारण एका अंशाने उतरतो. तोरण्याच्या पायथ्याचं वेल्हे गाव साधारण 700 मीटर उंचीवर आहे. म्हणजे तिथे 97 ते 98 हेच उत्तर अपेक्षित आहे! 1403 मीटर उंचीच्या तोरण्यावर तर पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळेल.

पण सरांचा संशय चुकीचा होता असंही नाही. शाळेतला थर्मामीटर एखादा अंश चुकू शकतो. मग ठरवायचं कसं? वितळत्या बर्फात बुडवून शून्य दाखवतो का बघा. दुसरा थर्मामीटर आणून तुलना करा. कोकणातल्या शाळेला फोन करून त्यांचा आकडा विचारा. मुलीच्या ‘पुढं जाईना’मधून हे सगळं निघू शकलं असतं. शोध घेत शिकणं म्हणतात ते हेच.

दोष सरांना देऊन विषय संपत नाही. परीक्षेत 100 च लिहायचं असतं. शेजारच्या रांगेत दुसऱ्या इयत्तेची मुलं बसलेली असतात. आणि मी पाहिलेल्या प्रशिक्षणात एकही प्रयोग ‘बिघडला’ नव्हता, कारण साधनव्यक्तींनी सगळे आदल्या दिवशी करून पाहिले होते. बिघडलेल्या प्रयोगाचं काय करायचं याचा सराव सरांना कुणी दिलाच नव्हता.

निबंध कुठे तोकडा पडतो?

पहिली मर्यादा उघड आहे. प्रयोगशाळा, विषयाचा स्वतंत्र शिक्षक, साहित्य लावून देणारा सहायक असलेल्या शाळांमधला हा अभ्यास आहे. बहुवर्ग अध्यापनाचा प्रश्न त्यात येतच नाही.

दुसरी : यात नेहमीचे तास पाहिले आहेत, प्रशिक्षणानंतरचा बदल नाही. म्हणून ‘प्रशिक्षणाने काही होत नाही’ यासाठी याचा संदर्भ देऊ नका. व्हायव्हात अडकाल.

तिसरी मर्यादा मला जास्त महत्त्वाची वाटते. परिणामकारकता मोजायची फूटपट्टी इथे शिक्षकाचा हेतू ही आहे. शिक्षकाला जे करून घ्यायचं आणि शिकवायचं होतं, ते झालं का? पण वेल्ह्याच्या त्या वर्गात सरांचा हेतू ‘100’ हा होता. या फूटपट्टीने मोजलं तर मुलीने 100 लिहिलं की तास यशस्वी! हेतूच्या बाहेर जे उघडतं, ते या चौकटीतून निसटतं. शिक्षकाची तयारी तर तिथेच कळते.

आधी कुणी केलंय का?

केलंय, आणि मोठ्या प्रमाणावर. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी 1972 साली मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम 16 शाळांत सुरू केला. 1978 मध्ये तो जिल्हाभर गेला आणि 1982 पासून एकलव्य संस्थेने तो पुढे नेला. त्यात प्रशिक्षण म्हणजे एकदाची कार्यशाळा नव्हती. मुलांनी करायचे प्रयोग शिक्षक आधी स्वतः करत, अडत, वाद घालत. शाळा सुरू झाल्यावर मासिक बैठकीत वर्गातल्या अडचणी मांडत. परीक्षाही बदलली होती : पुस्तक उघडं ठेवून लिहायची आणि प्रयोग करून दाखवायचे. ‘97 आलं’ म्हणणाऱ्या मुलीला गुण मिळतील अशी व्यवस्था शिक्षकाच्या पाठीशी होती.

2002 साली राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. म्हणजे शिक्षक तयार करणं पुरत नाही, व्यवस्थेने त्याला धरून ठेवावं लागतं. थॉमस गस्की यांनी 2000 साली प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या पाच पायऱ्या मांडल्या : शिक्षकांची प्रतिक्रिया, त्यांचं शिकणं, संस्थेचा पाठिंबा, वर्गातला वापर आणि मुलांचं शिकणं. माझा पहिला आराखडा दुसऱ्या पायरीवरच थांबत होता.

मग तुम्ही काय करा?

एक, निरीक्षण सूचीत फक्त होय-नाही ठेवू नका. अनपेक्षित निरीक्षण आलं तेव्हा शिक्षक आणि मुलं नेमकं काय बोलली, ते शब्दशः टिपा.

दोन, प्रशिक्षणानंतर लगेच उत्तरचाचणी घेऊन थांबू नका. सहा महिन्यांनी पुन्हा वर्गात जा. मधल्या काळात शिक्षकांची बदली होऊ शकते, तेव्हा नमुना निवडताना त्याचा विचार करा. घाटाकडच्या गावांत जुलै-ऑगस्टच्या पावसात भेटी ठरवू नका.

तीन, केंद्राच्या शिक्षण परिषदेत बसा. तिथे वर्गातल्या प्रयोगावर बोलणं होतं की फक्त परिपत्रकं वाचली जातात, हे लिहून काढा. व्यवस्थेचा पाठिंबा म्हणतात तो तिथेच दिसेल.

असं केलं तर नमुना लहान होईल. टी-चाचणी कदाचित लागणारच नाही, आणि गाइड विचारतील, “आकडे कुठे आहेत?” तेव्हा त्यांना त्या मुलीच्या वहीतला 100 दाखवा. माझ्या सूचीनुसार तो तास उत्तम होता. तिने डोळ्यांनी पाहिलेला आकडा मात्र त्या वहीत कुठेच नाही.