बाळंतपण कोण करणार?

डोहाळजेवणाला मला गर्भसंस्काराच्या पुस्तकाच्या दोन प्रती मिळाल्या. एक पुण्याच्या नणंदेकडून, दुसरी शाळेतल्या शिक्षिकांकडून. एका मैत्रिणीनं तर त्याच विषयावरची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर धाडली. उरलेले दोन महिने मी वाचत होते. पुस्तकं, अ‍ॅप, यूट्यूबवरचे व्हिडिओ आणि आशाताईनं दिलेलं माता व बाल संरक्षण कार्ड. मी मलकापुरात मराठी शिकवते, तासिका तत्त्वावर. कुठलाही मजकूर समोर आला की आधी कर्ता शोधायची खोड आहे. या सगळ्या मजकुरात एक कर्ता मला कुठेच सापडेना.

मराठीत बाई बाळंत होते, पण बाळंतपण ती करत नाही. ते दुसरं कुणीतरी करतं. 'आईनं माझी दोन बाळंतपणं केली', 'जावेचं बाळंतपण मीच केलं', 'तिचं करायला कोणी नाही'. ही वाक्यं आपण रोज बोलतो आणि त्यातलं व्याकरण आपल्या ध्यानात येत नाही. भाषेला पक्कं ठाऊक आहे की बाळंतपण हे काम आहे, ते सव्वा महिना चालतं आणि त्याला करणारं माणूस लागतं. आता आपण 'डिलिव्हरी' म्हणतो आणि विचारतो, 'कोणत्या डॉक्टरनं केली?' कर्ता बदलला, तसं कामही सव्वा महिन्यावरून तासाभरावर आलं.

गर्भसंस्काराच्या पुस्तकांत हा कर्ता आणखी एकदा बदलतो. डॉ. बालाजी तांबे यांच्या 'आयुर्वेदीय गर्भसंस्कार' या पुस्तकानं मराठी घरांत या प्रकाराला मान मिळवून दिला. त्याच्या मागून आलेल्या पुस्तकांचा आणि वर्गांचा हिशेब ठेवणं अवघड आहे. त्या मजकुरातलं नमुन्याचं वाक्य 'गर्भवतीने' या शब्दानं सुरू होतं आणि 'करावे'वर संपतं. गर्भवतीने प्रसन्न राहावे. गर्भवतीने अमुक ऐकावे, तमुक टाळावे. वाईट काही नाही त्यात. आहाराबद्दलचं बरंच मला उपयोगीही पडलं. बाळंतिणीसाठी डिंकाच्या लाडवांच्या कृतीही असतात. पण कृतीतली क्रियापदं बघा: डिंक तळावा, खारीक कुटावी, खोबरं भाजावं. कोणी? टाके दुखत असताना, दर दोन तासांनी पाजत असताना, कढईपाशी उभं कोण राहणार, हे पुस्तक सांगत नाही. ते जिच्यासाठी लिहिलंय तिच्या घरात हे करणारी बाई आहेच, असं त्यानं धरून चाललंय.

या साहित्याची आवडती कथा अभिमन्यूची. सुभद्रेच्या पोटात असताना त्यानं चक्रव्यूह भेदण्याची विद्या ऐकली, आणि लोकप्रिय कथेनुसार ऐकता ऐकता सुभद्रेला झोप लागली म्हणून बाहेर पडण्याचा भाग राहून गेला. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आले. आठव्या महिन्यात, रात्रभर कूस बदलत असताना, ती पहिल्यांदा नीट ऐकू आली. सोळा वर्षांच्या पोराला सहा-सात महारथींनी घेरून मारलं, आणि आपण बोट दाखवतो ते दमलेल्या गरोदर बाईच्या डुलकीकडे!

दुसरी आवडती कथा जिजाऊंची, आणि ती तर आमच्याच जिल्ह्याची लेक. मलकापूर बुलढाण्याच्या एका टोकाला, सिंदखेड राजा दुसऱ्या टोकाला. जिजाऊंच्या डोहाळ्यांवर व्याख्यानं होतात, पोवाडे होतात. गड चढावासा वाटला, तलवार धरावीशी वाटली, वगैरे. पण तारखा शेजारी ठेवून पाहा. 1629 मध्ये निजामशहाच्या दरबारात, दौलताबादेला, लखुजी जाधवांची मुलांसह हत्या झाली. 1630 मध्ये शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. म्हणजे वडील आणि भाऊ मारले गेल्यानंतर काही महिन्यांतच, माहेरापासून दूर एका किल्ल्यावर, ही बाई बाळंत झाली. माहेर होतं, पण बाळंतपणाला जावं असं उरलं नव्हतं. तिच्या डोहाळ्यांचं इतकं साहित्य आहे. ती बाजेवर असताना तिच्या उशाशी कोण बसलं होतं, हा प्रश्न कुठल्या व्याख्यानात मी ऐकला नाही. डोहाळे मुलाचे म्हणून मोजले जातात. बाळंतीण मात्र तिची एकटीची.

बायांबद्दल लिहिलेला मजकूर बाईनं तपासायचा, ही रीत आमच्याकडे जुनी आहे. बुलढाण्यात राहणाऱ्या ताराबाई शिंद्यांनी 1882 च्या 'स्त्री-पुरुष तुलना'मध्ये त्या काळच्या कादंबऱ्या-नाटकांतल्या बायांची अशीच झडती घेतली होती. त्यांच्या भाषेचा जाळ माझ्याकडे नाही. माझ्याकडे लाल पेन आहे.

तर आता कार्ड. साहित्य म्हणून कोणी ते वाचत नाही, पण आपल्याकडे गरोदर बाईच्या हातात हमखास पडणारा मजकूर हाच. मला ते आवडलं. त्याची भाषा कोरडी आहे आणि ते उपदेश करत नाही. प्रसूतीआधीच दवाखाना ठरवा, गाडी ठरवा, रक्त देणारं माणूस ठरवा, असं ते बजावतं, आणि याच ठरवण्यानं जीव वाचतात. प्रसूतीनंतरचा तक्ताही आहे. ताप, रक्तस्राव, स्तनांना सूज, टाके. पण माझ्या कार्डात झोपेचा रकाना नाही, रडू येतं का याचा नाही, आणि 'घरी करायला कोण आहे' याचा तर नाहीच. गाडी कोणाची हे विचारणाऱ्या कागदाला हेही विचारता आलं असतं.

पैशांचा मजकूरही याच पठडीतला. जननी सुरक्षा योजना 2005 ची. पात्र बाईला दवाखान्यात प्रसूती झाल्यावर शहरी भागात 600, ग्रामीण भागात 700 रुपये. 2011 पासून सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन, औषधं आणि घरी परतायची गाडी मोफत. जेवण साध्या प्रसूतीला तीन दिवस, सिझेरियनला सात दिवस. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी 5000. हे सगळं मागून घ्या, लाजू नका. कागदपत्रं सहाव्या महिन्यातच लावून ठेवा, कारण बँक खातं आणि आधार यांची नावं जुळवण्यातच महिना जातो. पण चौथ्या दिवसाचं जेवण कोणाच्या हातचं, याबद्दल कोणत्याच योजनेत शब्द नाही.

अपवाद आशाताईचा. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे तिनं 42 दिवसांत सहा वेळा घरी यायचं असतं: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. ही कल्पना गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं करून दाखवली, 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली आणि मग देशभर गेली. महाराष्ट्रानं दिलेली ही मोठीच गोष्ट. सहा भेटींचा मोबदला योजनेनं ठरवला 250 रुपये, म्हणजे भेटीमागे 42 रुपयांच्या आत. आणि योजनेचं नाव 'गृहाधारित नवजात बालक काळजी'. नावात बाळंतीण नाही. आमची आशाताई बाळाचं वजन करून झाल्यावर मला 'तू जेवली का व?' विचारायची, ते रजिस्टरात नसताना.

जुनं ते सगळं सोनं होतं असंही नाही. कोंडलेल्या खोलीत वावडिंग-शेपाची धुरी, बाळंतिणीचं पाणी तोडणं, पहिला चीक फेकून देणं यांनी नुकसानच केलंय, आणि हे बंद पडतंय ते उत्तम. मला पाचवीच्या रात्रीचं मात्र नवल वाटतं. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहिते, म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवतात, आणि बाया जागतात. बाळंतीण एकटी राहू नये यासाठी देवीच्या नावानं लावलेली ती रात्रपाळीच होती.

आता जागणार कोण? माझी तारीख नोव्हेंबरातली, ऐन कापूस वेचणीची. आई वेचणीला जाते, मजुरी किलोवर. तिनं माझं बाळंतपण करायचं म्हणजे वर्षातले कमाईचे दिवस घरी बसून काढायचे. मला तास नाही तर पैसे नाहीत. नवऱ्याची नोकरी खासगी. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला 15 दिवस मिळतात, खासगीत कायदा काही देत नाही. शहरांत एजन्सीमार्फत 'जापा मेड' मिळते. शब्द हिंदी आणि इंग्रजी, दर महानगरी. आमच्या गल्लीत तेल लावायला येणाऱ्या मावशी आहेत. रोजचे पैसे आणि बाराव्याला लुगडं, एवढ्यावर ठरलं. सकाळचा एक तास.

नेदरलँड्समध्ये 'क्रामझोर्ग' नावाची सोय आहे. बाळंतिणीच्या घरी प्रशिक्षित बाई साधारण आठवडाभर, रोज काही तास येते. आई-बाळाला सांभाळते, थोडं घरकामही करते, आणि खर्चाचा मोठा भाग सक्तीच्या आरोग्य विम्यातून जातो. तिची नोंदणी गरोदरपणातच करायची असते. म्हणजे 'बाळंतपण कोण करणार' हा प्रश्न तिथे फॉर्मवर छापलेला आहे, आणि करणारीला पगार आहे. आपल्याकडे भाषेतच तो शब्द तयार असताना हे काम अजून आईच्या मायेत आणि मावशीच्या लुगड्यात भागवलं जातं.

आठव्या दिवशी तेल लावता लावता मी मावशींना विचारलं, तुमचं कोणी केलं?

"माह्यं कोन करीन व?" त्या म्हणाल्या. "बाराव्या दिवशी मी वावरात होती. पोरगी धुऱ्यावर, झोळीत."

त्या दिवशी मी कार्डाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं एक ओळ आखली. बाळंतपण करणार: आई (वेचणी बुडवून), मावशी (सकाळी एक तास), नवरा (रात्री दोन ते पाच, बाळाला घेऊन बसणं आणि सकाळचा स्वयंपाक). चौदाव्या दिवशी आशाताईनं ते वाचलं, हसली, आणि नवऱ्याच्या नावासमोर स्वतःच्या पेननं टिक केली. मग म्हणाली, "आईची मजुरी किती बुडाली तेबी लिहून ठेव."