मद्यधुंदतेचे इंग्रजी शब्द आणि ‘मद्यपी’ हा प्रतिशब्द

‘ड्रंक’, ‘ड्रंकर्ड’ आणि ‘अल्कोहोलिक’ या तिन्ही इंग्रजी शब्दांसाठी ‘मद्यपी’ हा एकच मराठी प्रतिशब्द सर्रास योजला जातो. अर्थदृष्ट्या हे समीकरण सदोष आहे. ‘ड्रंक’ हे विशेषण त्या घटकेची अवस्था सांगते, तर ‘ड्रंकर्ड’ हे नाम माणसाच्या स्वभावावरच ठपका ठेवते. ‘कावर्ड’, ‘स्लगर्ड’ या शब्दांत आढळणारा तुच्छतादर्शक प्रत्ययच त्यातही आहे. मराठीत हे काम ‘दारुडा’मधील ‘डा’ चोख बजावतो. त्यापुढे ‘मद्यपी’ फारच सभ्य ठरतो. ‘अल्कोहोलिक’ची गोष्ट निराळी. स्वीडिश वैद्य माग्नुस हुस यांनी १८४९ मध्ये ‘अल्कोहोलिझम’ ही संज्ञा वापरून जुन्या दुर्गुणाला रोगाच्या कोटीत आणले. अशा व्यक्तीला ‘दारुडा’ म्हणणे म्हणजे रुग्णाला पुन्हा आरोपी करणे होय.

बोलीने उचललेल्या शब्दांची तऱ्हा याहून वेगळी. ‘टाइट’चा मद्यधुंद हा अर्थ इंग्रजीत आज जुनाट वाटतो, मराठीत मात्र तो ताजा आहे. ‘आउट’ हा शब्द इंग्रजीत बेशुद्धीकडे झुकतो, तर मराठीतला ‘आउट’ झालेला इसम चांगला बडबडत असतो! ‘तो दारू पिऊन पडला’ या वाक्यातील लाज ‘तो जरा टाइट होता’ या वाक्यात उरत नाही. परका शब्द येथे पडद्याचे काम करतो.

खरी कसोटी ‘तळीराम’ या शब्दाची. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकातील हे पात्र. सुधाकराच्या हाती पहिला प्याला देणारा आणि ‘आर्यमदिरामंडळा’त रमणारा तळीराम विनोदी खरा, पण सिंधूच्या संसाराची राखरांगोळी त्याच्याच निमित्ताने होते. विशेषनामाचे सामान्यनाम होताना विनोद तेवढा टिकला, सिंधू गळाली. म्हणूनच भाषांतरात ‘ड्रंकर्ड’ हा शब्द येथे अपुरा पडतो: त्यात ठपका आहे, हसू नाही. वर्षअखेरीच्या नाकाबंदीच्या बातम्यांत ‘तळीरामांना चाप’ असा मथळा झळकतो. ज्या कायद्यान्वये ती कारवाई होते, त्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ मात्र १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल एवढेच मोजते.