यंत्रमानव-संचातली ‘बिघडलेली’ चक्रे

एका शाळेतला रोबोटिक्सचा संच नुकताच पाहण्यात आला. लेगोने ‘माइंडस्टॉर्म्स’ ही मालिका २०२२ च्या अखेरीस बंद केली, पण जुने संच अजून वापरात आहेत. इथल्या खोक्यात निरनिराळ्या संचांचे भाग मिसळलेले होते. एका कप्प्यावर चिठ्ठी होती, ‘बिघडलेली’. आत चोवीस दात्यांची पांढरी दंतचक्रे. मधली आस धरून चक्रावर जोर दिला की ते आसेभोवती घसरत असे. एका चक्राची तर मुलांनी फटीत गोंद भरून ‘दुरुस्ती’ केली होती!

वास्तविक घसरणे हेच त्या चक्राचे काम. तो क्लच आहे. यंत्रमानवाच्या पंजाने वस्तू पकडली की मोटर अडते. अडलेली मोटर सर्वांत जास्त विद्युतप्रवाह ओढते आणि तापते. अशा वेळी क्लच घसरतो आणि मोटर मोकळी फिरत राहते. तो कधी घसरावा हे चक्रावरच छापलेले आहे: २.५ ते ५ न्यूटन-सेंटिमीटर. नववीच्या वर्गाला हे पडताळून पाहता येईल. आस आडवी ठेवून तिला २० सेंटिमीटरची हलकी काडी मधोमध घट्ट बांधा, म्हणजे काडीचे स्वतःचे वजन हिशेबात येणार नाही. चक्र हाताने पक्के धरा, काडी आडवी ठेवा आणि एका टोकाला वजने अडकवत जा. साधारण २५ ते ५० ग्रॅमच्या दरम्यान चक्र घसरले पाहिजे.

संचांच्या पुस्तिकांवर माझा आक्षेप इथेच आहे. चित्रे उत्तम असतात. आसेची लांबी तर खऱ्या मापात छापतात, भाग त्यावर ठेवून ताडून पाहावा. परंतु यातून ओळख पटते ती आकाराची. हा भाग इथे का, दुसरा का नको, याविषयी पायरीपायरीच्या चित्रांत चकार शब्द नसतो. मूल चित्राशी चित्र जुळवते, गाडी धावते, सगळे टाळ्या वाजवतात. गंमत अशी की १९९८ साली या मालिकेला नाव दिले गेले ते सीमोर पॅपर्ट यांच्या १९८० च्या पुस्तकावरून, आणि त्या पुस्तकाच्या आरंभीच पॅपर्ट सांगतात की लहानपणी दंतचक्रे फिरवता फिरवता आपल्याला गणिताची गोडी लागली. पुस्तिका बघून नव्हे!

अनोळखी भाग हाती आला तर नाव शोधण्याआधी तो फिरवून पाहू द्यावा. वर्म गिअरचे मळसूत्र फिरवले की चक्र फिरते. चक्र फिरवू गेल्यास मळसूत्र हलत नाही. म्हणून उचललेला हात वीज बंद केली तरी खाली पडत नाही. हाच भाग गाडीच्या चाकांना जोडला तर गाडी हाताने ढकलता येत नाही, आणि चोवीस दात्यांच्या चक्राच्या एका फेऱ्यासाठी मळसूत्राला चोवीस फेरे घ्यावे लागतात. हे मुलांना पाच मिनिटांत सापडते.

स्पर्धा तोंडावर असताना एवढा वेळ कुठून आणायचा, असे तिथल्या शिक्षिकांनी विचारले. प्रश्न खरा आहे. तरी एक यंत्रमानव कमी झाला तर चालेल असे मला वाटते. त्यांनी एक तास दिला. दोन चक्रे ३५ ग्रॅमच्या आसपास घसरली. गोंद भरलेले चक्र घसरलेच नाही. शेवटी काडी मोडली.