इतिहासाचा गड आणि जादूचा किल्ला : मराठी बालसाहित्यातील अद्भुताची एक अडचण

मंतरलेला किल्ला, त्यातील जादूगार आणि त्याला शह देणारा कोवळ्या वयाचा नायक ही सामग्री मराठी बालसाहित्यात परकी, उसनी आणली गेली, असे मत आपल्याकडे वारंवार मांडले जाते. 'हॅरी पॉटर आणि परीस'सारख्या अनुवादांनंतर ते अधिकच रूढ झाले. प्रस्तुत लेखात हे मत तपासायचे आहे. त्यासाठी महाराष्ट्राबाहेरचे, बेंगळुरूच्या चामराजपेटेचे स्थान उपयोगी पडते. कारण गड या प्रतिमेचे मराठी मनाशी असलेले नाते दुरून अधिक स्पष्ट दिसते.

प्रथम मौखिक परंपरेचा पुरावा पाहू. मेरी फ्रिअर यांचा 'ओल्ड डेक्कन डेज' हा संग्रह 1868 साली प्रसिद्ध झाला. त्यातील कथा सांगणाऱ्या ॲना लिबराटा डिसूझा यांच्या घराण्याचा संबंध गोव्याशी होता. या संग्रहातील 'पंचकिन' या कथेत मनोऱ्यात कोंडलेली राणी आहे, माणसांचे दगड करणारा मांत्रिक आहे आणि आईला सोडवायला निघालेला तिचा किशोरवयीन मुलगा आहे. मांत्रिकाचा प्राण दूरच्या अरण्यातील पोपटात आहे. मुलगा गरुडाच्या पिलांना सर्पापासून वाचवतो आणि त्या उपकाराच्या बळावर पोपटापर्यंत पोहोचतो. ही कथा इंग्रजीत लिहिली गेली हे खरे. परंतु प्राण पोपटात ठेवणारा राक्षस मराठी घरांतील आजीच्या गोष्टींनाही अपरिचित नाही. तेव्हा सामग्रीचा अभाव होता, असे म्हणता येत नाही.

मग ही सामग्री लिखित साहित्यात का रुजली नाही? लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाला' (1861) या कादंबरीने अद्भुतरम्यतेची वाट उघडली होती. परंतु दहा वर्षांनी, 1871 साली, रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' पुस्तकरूपाने आली आणि मराठी कादंबरीतील किल्ला शिवकाळात जाऊन उभा राहिला. याउलट हिंदीत देवकीनंदन खत्री यांच्या 'चंद्रकांता'ने त्याच शतकाच्या अखेरीस चुनारगडासारखा खराखुरा किल्ला तिलिस्मात ओढून नेला. किल्ले दोन्ही भाषांच्या प्रदेशांत होते. एका भाषेने त्यांचे रहस्य केले, दुसरीने त्यांचे स्मारक केले. नाथमाधव (1882–1928) यांच्या लेखनात हे दोन्ही प्रवाह भेटतात. 'वीरधवल' ही अद्भुतरम्य कादंबरी त्यांची आणि 'स्वराज्याचा श्रीगणेशा'पासूनची मालिकाही त्यांचीच. पुढच्या मराठी कथनाने वारसा मुख्यतः दुसऱ्या नाथमाधवांचा चालवला.

पारतंत्र्याच्या काळात ही निवड स्वाभाविक होती आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि बालवाचकाच्या दृष्टीने तिचा परिणाम वेगळा झाला. दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर अळीव पेरणारे मूल शिखरावर महाराजांची मूर्ती ठेवते आणि पायऱ्यांवर मावळे उभे करते. त्या खेळात कल्पकता पुष्कळ आहे, परंतु गडावर कोण राहते हा प्रश्न तेथे उरत नाही. सिंहगडाच्या गोष्टीचा शेवट मुलाला आधीच ठाऊक असतो; उत्कंठेची जागा आदराने घेतलेली असते. ऐतिहासिक गड बालनायकाकडे निष्ठा आणि त्याग मागतो. जादूचा किल्ला त्याच्याकडे कुतूहल मागतो, दुबळ्यावर दया मागतो आणि क्वचित 'चौथ्या दिशेला जाऊ नकोस' ही आज्ञा मोडण्याचे धैर्यही मागतो. या दोन शिकवणी परस्परविरोधी नाहीत. पण एकीने दुसरीचे काम होत नाही.

अद्भुताला मराठीत आसरा मिळाला तो रंगभूमीवर. सुधा करमरकर यांच्या लिटल थिएटरने 1959 साली रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' सादर केले, आणि पुढे 'अलबत्या गलबत्या'तील चिंची चेटकीण घरोघरी पोहोचली. परंतु ही चेटकीण मुख्यतः हसवते. भय हास्यात विरले की नायकाच्या धैर्याची कसोटीही सौम्य होते.

छापील पानांवरचा भयाचा किल्ला मराठी मुलांना दिला तो मद्रासहून येणाऱ्या 'चांदोबा'ने. तेलुगूत 1947 साली सुरू झालेले हे मासिक 1952 पासून मराठीत निघू लागले. 'कंचुकोट', 'पातालदुर्गम्' यांसारख्या त्याच्या धारावाहिका दासरी सुब्रह्मण्यम् यांनी तेलुगूत लिहिल्या. मासिकात मात्र त्यांचे नाव छापले जात नसे. लेखक अनाम, राज्ये काल्पनिक, आणि म्हणून किल्लाही कोणत्याच प्रांताचा नव्हता.

या अनामतेचा अर्थ चामराजपेटेत नीट कळतो. 1892 साली आखलेली ही वस्ती बेंगळुरूच्या जुन्या भुईकोटाला लागून आहे. कन्नड साहित्य परिषद येथेच आहे आणि आर. कल्याणम्मा यांनी उभारलेले 'मक्कळ कूट' हे मुलांचे केंद्रही येथलेच. म्हैसूर प्रांताच्या रीतीने दसऱ्यात येथील घरांतून बाहुल्या मांडतात. त्यांत राजाराणीचा मान पहिला असतो. बेंगळुरूत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतील मुलाला सह्याद्रीतील गड हा पूर्वजांचा म्हणून सांगितला जातो, पण तो त्याच्या रोजच्या पाहण्यातला नसतो. 'चांदोबा'तील किल्ल्यात शिरण्यासाठी मात्र वंशाचा दाखला लागत नव्हता. तीच धारावाहिका शेजारचे मूल कन्नड 'चंदमामा'त वाचू शकत होते, आणि दोघांना तिच्याविषयी बोलता येत होते.

असे असले तरी 'चांदोबा' हा आदर्श मानता येणार नाही. अनेक भाषांत एकाच वेळी चालावे म्हणून त्यातील भूप्रदेश निर्गंध राहिला. तेथल्या अरण्यात करवंद पिकत नाही आणि घाटात धुके उतरत नाही. मराठीही पुष्कळदा अनुवादाच्या सरळ चाकोरीतून चालते. 2013 पर्यंत तो आधारही संपला, आणि ती पोकळी अनुवादित हॉगवर्ट्‌सने भरली.

म्हणून प्रश्न अद्भुत परके की स्वकीय, असा नाही. मराठी बालसाहित्याने गडाचा इतिहास सांभाळला, पण त्याच गडाच्या एखाद्या न उघडलेल्या दाराविषयी मुलाला विचारू दिले नाही. करवंदांच्या जाळीतून वाट असलेला, मराठी बोलणारा आणि तरीही कोणाच्याही मुलाला आत घेणारा किल्ला अजून लिहिला जायचा आहे. 'पंचकिन'मधील मुलगा पोपटापर्यंत पोहोचला तो पराक्रमाच्या वारशावर नव्हे, पिलांवर केलेल्या दयेवर. त्या किल्ल्याचा पाया तेथे सापडण्यासारखा आहे.