रेघेतला राम

वहीच्या पानांच्या कोपऱ्यांत एकेक माणूस काढायचा, दर पानाला त्याचा पाय किंचित पुढे सरकवायचा आणि मग अंगठ्याखालून पाने भराभर सोडायची, की माणूस चालू लागतो. गणिताच्या तासाला हा उद्योग केला नाही असा वाचक विरळा. कार्टूनपट म्हणजे हाच उद्योग, फक्त हिशेब छाती दडपवणारा. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एकच चित्र दोन चौकटींना पुरवले तरी सेकंदाला बारा चित्रे लागतात, आणि दीड तासाच्या चित्रपटाला पासष्ट हजारांच्या घरात. पडद्यावर पात्रे दोन झाली की ही बेरीज आणखी फुगते.

हे सारे आठवायला निमित्त झाले ते युगो साको, कोइची सासाकी आणि राम मोहन यांच्या ‘रामायणा’चे. १९९३ च्या जानेवारीत दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवलेला हा भारत-जपानचा चित्रपट २४ जानेवारी २०२५ रोजी आपल्याकडच्या चित्रगृहांत नव्याने आला. त्यासाठी सुमारे एक लाख चित्रे हाताने काढल्याचे सांगतात. आमच्या जालना जिल्ह्यातले जांब हे समर्थांचे जन्मगाव. इकडच्या माणसाला रामकथेत पुढे काय होणार हे कुणी सांगावे लागत नाही. कथा आधीच ठाऊक असलेला प्रेक्षक समोर असला, की चित्रकाराला उत्सुकतेचा आधार उरत नाही. सारी परीक्षा रेघेची.

त्या परीक्षेत हा चित्रपट उतरतो. कुंभकर्ण रणात येतो तेव्हा त्याच्या देहाचे ओझे आपल्याला जाणवते, कारण कुणीतरी कागदावर त्या ओझ्याचा विचार केलेला आहे: पाऊल टेकल्यावर मांसाने किती दबावे, हात उचलताना खांद्याने किती उशीर करावा. अरण्ये तर न्याहाळत बसावीत अशी. उणे आहेच. शांत प्रसंगी चेहरे ठोकळ्यासारखे होतात, आणि ते टपोरे डोळे अयोध्येपेक्षा टोकिओला जवळचे वाटतात. पण आपल्या पैठण शैलीच्या चित्रकथींतले राम-लक्ष्मण तरी कुठे फार साधे आहेत? तिथेही एका बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्यावर भला थोरला डोळा असतोच, आणि तो आपल्याला खटकत नाही. तो डोळा आपला. एवढाच काय तो फरक!

राम मोहन यांचा हात मुंबईत घडला. फिल्म्स डिव्हिजनने १९५६ साली कार्टून विभाग काढला, डिस्नेकडचे क्लेअर वीक्स शिकवायला आले, आणि १९५७ मध्ये जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ तयार झाला. त्याही आधी, १९३४ साली, ‘प्रभात’ने ‘जंबूकाका’ काढून पाहिला होता. म्हणजे विद्या होती. नव्हता तो पूर्ण लांबीचा चित्रपट पोसणारा धनी. व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ २००५ साली चालला तेव्हा तो सापडेलसे वाटले. पण १९९५ च्या ‘टॉय स्टोरी’पासून जगाचे वारे फिरले होते. खुद्द डिस्नेने २०११ च्या ‘विनी द पू’नंतर हाताने काढलेला पूर्ण चित्रपट पडद्यावर आणलेला नाही. दोष पेन्सिलीला दिला गेला. तिकडचे शेवटचे काही चित्रपट पाहावेत. पेन्सिल ठणठणीत होती, आजारी होती ती कथा.

२०२५ च्याच जुलैत ‘महावतार नरसिंह’ आला, संगणकावर घडवलेला, आणि गर्दीने डोक्यावर घेतला. खांबातून नरसिंह प्रकटतो तेव्हा मीही खुर्चीत सावरून बसलो, हे कबूल करतो. पण त्याआधीचा प्रल्हाद? तो चालतो, वळतो, हात जोडतो, आणि हे सारे सारख्याच गुळगुळीतपणे करतो. भक्ताचा हात जोडताना एखादा क्षण अडखळत असेल, हे यंत्राला कुणी सांगितलेलेच नाही. म्हणून देव भव्य होतो आणि पोर बाहुले राहते. अशा वेळी आपल्याकडे म्हणतात, त्यात राम नाही.

यंत्रावर मात्र माझा राग नाही. गीतांजली राव यांचा ‘बॉम्बे रोझ’ (२०१९) संगणकाच्या पाटीवरच रंगवला आहे, पण चौकटीमागून चौकट, हाताने. फुले विकणाऱ्या कमलाची गोष्ट मधेच भरकटते, गाणी जरा जास्त होतात, तरी तिच्या स्वप्नात मुंबईचा रस्ता विरघळून मोगल चित्रांचा बाग होतो तेव्हा रंगांवर कुंचल्याचा ओरखडा दिसतो. २०२१ साली तो नेटफ्लिक्सवर आला. घरातल्या पोरांना दाखवण्याआधी मोठ्यांनी एकदा पाहून घ्यावा. तो मुलांसाठी काढलेला नाही. आणि पाहताना मधूनमधून चित्र थांबवावे. थांबलेली चौकटही भिंतीवर लावण्याजोगी निघते. ‘महावतार’ असा मी दोनदा थांबवून पाहिला. दोन्ही वेळा घाईने पुढे सोडला.