नारबाच्या गावातली बाकीची कुळं

आदित्य सरपोतदारचा ‘नारबाची वाडी’ (2013) आमच्या रत्नागिरीत पाहुणे आले की हमखास लावला जातो. माड-पोफळी दिसतात, मालवणी कानावर पडते, आणि दिलीप प्रभावळकर नारबा सोडून दुसरं काही कधी होते हेच आपण विसरतो. गोष्ट सोपी. म्हाताऱ्या नारबाच्या वाडीवर खोताचा डोळा आहे. रंगराव खोत ती न मिळताच मरतो. मग त्याचा मुलगा मल्हार सौदा करतो: नारबा जिवंत असेपर्यंत त्याला दर महिन्याला पैसे, मेला की वाडी खोताची. आणि नारबा काही मरत नाही.

सौदा भन्नाट आहे. एकजण जगला की दुसऱ्याचा तोटा, हे इतक्या सरळ हिशेबात मांडलेलं मी मराठी पडद्यावर दुसरीकडे पाहिलेलं नाही. पण दर वेळी मला एकच प्रश्न छळतो. खोताचं भांडण एकट्या नारबाशीच कसं?

खोत म्हणजे नुसता गावातला श्रीमंत माणूस नव्हे. सरकारचा सारा गोळा करून भरायचा, हे त्याचं वंशपरंपरेनं आलेलं काम. कुळानं पिकाचा वाटा त्याला द्यायचा, अर्धेल किंवा तिर्धेल, वर वेठही करायची. खोत बहुतेक ब्राह्मण किंवा मराठा, काही ठिकाणी मुसलमानही. कुळं बहुतांशी कुणबी, महार. खोताचं म्हणणं, पीक येवो न येवो, सरकारला जबाबदार आम्ही. कुळाचं म्हणणं, माती आमच्या हातांनी उपसली. दोघांनाही आपलंच खरं वाटायचं. त्यात कागद मात्र एकाकडेच.

आता हे भांडण पिढ्यान्‌पिढ्या घरोघर सुटं सुटं होतं. प्रत्येक कूळ आपापलं नशीब म्हणून सोसत होतं. 1933 साली अलिबागजवळच्या चरीत शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं जमीन कसायचंच बंद केलं. संप 1939 पर्यंत चालला. 17 सप्टेंबर 1937 ला आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी 1938 मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा थेट मुंबईत कौन्सिलवर धडकला. विधेयक तेव्हा पास झालं नाही. खोती रद्द करणारा कायदा आला तो 1949 मध्ये. मुद्दा असा की खोत काही 1933 साली अचानक जास्त दुष्ट झाले नव्हते. एका कुळाला दुसऱ्याचा हिशेब कळला आणि तो आपल्यासारखाच निघाला.

सिनेमात नेमकं हेच घडत नाही. मल्हार लोभी, नारबा निरागस, विषय संपला. मल्हारला एक तरी बरा युक्तिवाद द्यायला हवा होता. खलनायकाला लोभी ठरवलं की प्रेक्षकाला व्यवस्थेकडे बघावंच लागत नाही, आणि पाहुण्यांसोबत बघायला तेच सोयीचं असतं.

याचं एक कारण मुळात असावं. कथा मनोज मित्र यांच्या ‘साजानो बागान’ या बंगाली नाटकातली. गुरू ठाकूरनी ती कोकणात आणली. भाषा, गजाली, हवा, सगळं अस्सल उतरलंय. पण जमीनदाराचा खोत करताना एक गोष्ट निसटली. आमच्याकडे खोत आणि कूळ एकाच ग्रामदेवतेचे, एकाच पालखीमागे चालणारे. त्यामुळे इथलं वैर जमिनीवर दिसेलच असं नाही. ते शिमग्यात दिसतं. पालखी आधी कुणाच्या दारात, खांदा कुणाचा, पहिला नारळ कुणाचा. सातबाऱ्यावरचा वाद कोर्टात वीस वर्षं मुकाट पडून राहतो, आणि मानाच्या नारळावरून एका रात्रीत पोलीस बोलवावे लागतात. बाहेरच्याला वाटतं, नारळावरून भांडतायत! सिनेमात ‘शबय शबय’ आहे, शिमगा आहे, पण तो फक्त रंगाला. हातात आयतं आलेलं सोडून दिलं याची मला खरी हळहळ वाटते.

मला त्यात एकच प्रसंग जास्तीचा हवा होता. महिन्याचे पैसे घेऊन मल्हारचा माणूस नारबाच्या दारात आलाय, आणि शेजारच्या वाडीतलं कूळ गडग्यापलीकडून ते पैसे मोजले जाताना बघतंय. मग ते गडगा ओलांडून येतं आणि नारबाला विचारतं, “किती देतो रे खोत?”